वोल्तेर, वाल्वचा रेडिओ आणि सादळलेल्या कॅसेटी : तुमच्या घरातलं लिहा

चवथीआधी घर झाडायला घेतलं की माळ्यावरचं सामान खाली उतरतं आणि दरवर्षी तोच वाद होतो, ठेवायचं की काढून टाकायचं. गोव्यातली जुनी घरं वाटण्यांत फुटताहेत. राजांगणाच्या, म्हणजे आतल्या चौकाच्या, घरातलं शिसवी कपाट फ्लॅटच्या जिन्यावरून वर चढत नाही. म्हणून विचारते : तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू किंवा गाणं वाजवणारं यंत्र कुठे असायचं, कोण वापरायचं, आणि आता त्याचं काय झालं? किंमत सांगू नका, वापर सांगा. शोभेला मांडलेली जुनी वस्तू मला रुचत नाही. खुर्ची बसूनच राखावी, यंत्र वाजवूनच.

सुरुवात माझ्यापासून. आमच्या पडवीत आजोबांची वोल्तेर, म्हणजे आरामखुर्ची, होती. सागवानी, पाठ आणि बैठक वेताने विणलेली, हात इतके लांब की त्यांवर पाय टाकून पडता यावं. १९६२ साली ‘गोमन्तक’ सुरू झाला तेव्हापासून आजोबांनी तो त्याच खुर्चीत वाचला. आता ती माझ्याकडे आहे आणि मी रोज बसते. वेत सैल पडून बैठक झोळायला लागली की खालच्या बाजूने ओलं फडकं लावून वेत चांगला भिजवायचा आणि कुणी न बसता पुरता वाळू द्यायचा. वाळताना तो आपोआप ताणतो. तुटलेला नसेल तर विणकराची गरज पडत नाही.

(पुढे आलेली उत्तरं, ज्याच्या त्याच्या गावाच्या नावाखाली.)

फोंडा

आमच्या काकांकडे चावीचा ग्रामोफोन होता. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं गाणं. बाजू संपली की पोलादी सुई बदलायची, नाहीतर बोथट सुई तबकडीच खाते. सुया बदलायचं काम मुलांचं, तबकडीला हात लावायचा मान फक्त काकांचा. लाखेची तबकडी हातून पडली की संपलीच.

गायिका केसरबाई केरकर आमच्याच तालुक्यातल्या केरीच्या, त्यामुळे त्यांची तबकडी लागली की आजी चुलीपुढून उठून बाहेर येऊन बसायची. १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानं सुटली, त्यांवरच्या सोनेरी तबकडीत केसरबाईंची भैरवी आहे. यानासोबत पिन दिलेली आहे आणि तबकडी कशी वाजवायची त्याच्या आकृत्याही कोरलेल्या आहेत. हे वाचलं तेव्हा मला काकांची सुयांची डबी आठवली. आमच्याकडे तबकड्या जपून ठेवल्या आहेत, पण ग्रामोफोनची स्प्रिंग तुटली ती तुटलीच.

मडगाव

वाल्वचा रेडिओ. बटण फिरवलं की लगेच आवाज नाही, आधी दिवा लागायचा, वाल्व तापायचे, मग खरखर आणि मग माणूस बोलायचा. आई सांगायची, १९५५ नंतर जंगलातून गोवामुक्तीचं गुप्त रेडिओ केंद्र चालायचं, कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये. ते लावताना वडील आधी खिडक्या ओढून घेत आणि कान रेडिओला टेकवून ऐकत. मुलांना सांगितलं जाई की पपांचं डोकं दुखतंय. मुक्तीनंतर तोच रेडिओ मोठ्याने लागायला लागला आणि बुधवारी रात्री आठला सिलोनवरची गीतमाला ऐकायला शेजारपाजारचे अंगणात जमायचे. रेडिओचं पेटारं अजून आहे. आतलं यंत्र चालत नाही, पण मी ते काढून त्याचं पुस्तकांचं कपाट करू दिलेलं नाही.

पेडणे

फणसाच्या लाकडाचे पाट. प्रत्येकाचा ठरलेला. आता गुडघे ऐकत नाहीत, टेबलावर जेवतो, पण चवथीला गणपतीसाठी त्यातलाच एक काढतो.

डिचोली

माझे वडील कुवेतला होते. फोन महाग आणि लांब, म्हणून ते कॅसेट पाठवायचे. येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून साठ मिनिटांची कॅसेट यायची. एका बाजूला वडील बोललेले, दुसरी बाजू आमच्यासाठी कोरी. आई टू-इन-वन चौरंगावर ठेवायची, दोन्ही लाल-काळी बटणं एकदम दाबायची आणि आम्ही ओळीने बोलायचो. पास झालो, गाय व्याली, पावसाने कौलं गेली. आजी यंत्राशी बोलायला लाजायची, नुसतं “जेवलास मरे?” एवढंच विचारायची. पण ते प्रत्येक कॅसेटवर आहे.

वडील गेल्यावर त्या कॅसेटी काढल्या तर फितीवर पांढरी बुरशी. आपल्याकडच्या पावसात हे होणारच. तशीच लावू नका, बुरशी यंत्राच्या हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटवर जाते. स्क्रूची कॅसेट उघडता येते. फीत हाताने सावकाश फिरवत मऊ कोरड्या कापडाने पुसून घेतली. टू-इन-वनचा रबरी पट्टा डांबरासारखा वितळला होता, तो स्पिरिटने साफ करून नवा घातला. हेडही स्पिरिटने पुसलं. मग लगेच संगणकावर उतरवून घेतलं, कारण जुनी फीत पुन्हा किती वेळा चालेल याचा भरवसा नसतो. आता कॅसेटी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत उभ्या ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी अशा बोललेल्या कॅसेटी आहेत त्यांनी या पावसाआधी हे काम करा. बाजारात मिळणारं गाणं पुन्हा मिळेल, घरचा आवाज मिळणार नाही.

म्हापसा

वापराबद्दल धागाकर्तीशी सहमत, पण विकणाऱ्यांना बोल लावू नका. आमचा चार खांबांचा पलंग आम्ही एका हॉटेलवाल्याला दिला. भावांच्या वाटण्यांत तो कापला गेला असता. तिथे त्यावर माणसं झोपतात, वाळवीचं औषध वेळेवर होतं. मी जाऊन बघून आलो, बरं वाटलं.

सांगे

आमचं मूळ घर कुर्डीत, गायिका मोगूबाई कुर्डीकरांच्या गावात. साळावलीच्या धरणात गाव गेलं आणि आम्ही वालकिणीला आलो. येताना बाबांनी माजघरातला झोपाळा सोडवून आणला, फळी आणि पितळी साखळ्या दोन्ही. नव्या घराला तसा वासा नव्हता, म्हणून फळी भिंतीला टेकून राहिली. मे महिन्यात पाणी उतरलं की आम्ही गावात जातो, तेव्हा आई दरवेळी माजघराची जागा दाखवून झोपाळा कुठे होता ते नातवंडांना सांगते. आता मुलाने घर बांधायला घेतलंय आणि स्लॅबमध्येच कड्या बसवायचं ठरलंय. फळी सागवानी, दणकट आहे. मोठी दोन माणसं आणि एक मूल बसेल अशा बेताने स्लॅबमध्ये किती जाडीचा हूक सळईला बांधून घालावा, हे कुणी करून घेतलं असेल तर सांगा, पुढच्या आठवड्यात स्लॅब पडतोय.