मदत हवी आहे: कट निबच्या पेनने इंग्रजी झकास येतंय, मराठी अक्षर मात्र मोडतंय (लग्नाची पाकिटं लिहायची आहेत)

तिरकी रेघ

नमस्कार मंडळी. वाचक म्हणून जुना आहे, लिहायला नवीन, चुकलं तर सांभाळून घ्या. राहायला बेळगावात, शहापूर भागात. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त आहे, आणि मी भर बैठकीत बोलून बसलो की पाकिटावर नावांचे स्टिकर नकोत, मी हाताने लिहितो. लई कौतुक झालं, काकूने परत एकदा चहा दिला. आता निस्तरायलोय.

पेन लामी जॉय आहे, निब टोकाला चपटी कापलेली (तीच कट निब), रुंदी १.९ मिलिमीटर. व्हिडिओ बघून इटॅलिक शिकलो, म्हणजे निबची कड ४५ अंशात धरायची, अक्षराची उंची निबच्या रुंदीच्या पाच पट, वगैरे. दीड महिना रोज रात्री जेवणं झाली की बसतो, शेजारचे माग बंद झाले की जरा शांत असतं म्हणून. इंग्रजी खरंच बरं यायलंय, ऑफिसातल्या एकाने तर नावाची पाटी करून मागितली. पण त्याच पेनने, त्याच हाताने, तोच कोन धरून मराठी लिहिलं की अक्षर नापास. वाकडं येतं असं नाही हो, आकार बरोबर असतो, पण जाड-बारीक कुठेतरी भलतीकडेच पडतं. र चा खालचा पाय जाडजूड येतो, हत्तीरोग झाल्यासारखा. ठ चं पोट नको तिथे सुटतं. छापलेल्या जुन्या पुस्तकातलं बघतो तर तसं नसतंय, पण नेमकं काय नाही ते सांगता येईना.

आता खरी गंमत. बहीण डावखुरी आहे. परवा चिडवायला म्हणून तिने पेन घेतलं आणि स्वतःचं नाव लिहिलं, तर तिचं मराठी माझ्या दीड महिन्याच्या मराठीपेक्षा चांगलं आलं! कधी हातात धरलं नव्हतं तिने ते पेन. मग मी म्हटलं इंग्रजी लिही, तर ते पार बिघडलं. म्हणजे माझं उलटं. हे काय गौडबंगाल आहे कुणी सांगेल काय?

अजून दोन अडचणी आहेत. निळी शाई संपली म्हणून ड्रॉइंगची वॉटरप्रूफ काळी शाई भरलीय, तेव्हापासून पेन थांबत थांबत चालतंय. आणि एकूण पाकिटं १६०, त्यातली ४५ नवऱ्याकडच्या लोकांची, ती मंडळी बैलहोंगलची, त्यामुळे कन्नडमध्ये लिहावी लागतील. कन्नड मला वाचता येतं, शाळेत होतं, पण कॅलिग्राफीचा पत्ता नाही.

अनगोळची अक्का

बाकीचं राहू दे, आधी ती शाई काढ! आत्ताच्या आत्ता! ड्रॉइंगच्या वॉटरप्रूफ शाईत बहुतेक वेळा शेलॅक म्हणजे लाख असते, ती फीडच्या (निबखालचा, शाई पुढे आणणारा भाग) बारीक चरांमध्ये वाळली की पेन गेलं समज. ती शाई टाकाला, बुडवून लिहायच्या निबला चालते, कारण ती लगेच पुसता येते. फाऊंटन पेनात कधीच नाही.

पाणी कोमट घे, गरम नको, प्लास्टिकचं फीड वाकतं. निबचा पुढचा भाग रात्रभर पाण्यात ठेव, सकाळी कन्व्हर्टर (शाई ओढून घ्यायची नळी) असेल तर त्याने पाणी आत-बाहेर कर, भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब टाकला तरी चालतो, मग साध्या पाण्याने स्वच्छ होईपर्यंत. पाणी नितळ आलं तरी एकदा परत कर. मी माझं एक पेन याच शाईने घालवलंय, नवऱ्याने वाढदिवसाला दिलेलं, म्हणून एवढी ओरडायलेय.

टाक-दौत

आपला प्रश्न वाचून आनंद झाला, कारण उत्तर प्रश्नातच आहे आणि ते तुमच्या बहिणीने दिलं आहे. मी निपाणी भागात शाळेत चित्रकला शिकवत होतो, आता निवृत्त आहे. जरा सविस्तर लिहितो, घाई असेल तर नुसती ठ ची चाचणी करा.

एक गोल काढा आणि तो घड्याळ आहे असं समजा. इंग्रजी ओ तुमच्या ४५ अंशाच्या निबने काढलात तर तो साधारण साडेदहा आणि साडेचारच्या जागी सगळ्यात बारीक होतो आणि दीड आणि साडेसातला जाड. आता जुन्या छपाईतला ठ बघा. त्यात नेमकं उलट असतं, बारीक दीड आणि साडेसातला, जाड साडेदहा आणि साडेचारला. म्हणजे निबची कड इंग्रजीत डावीकडून उजवीकडे वर चढते आणि देवनागरीत डावीकडून उजवीकडे खाली उतरते. म्हणून तुमच्या र चा पाय जाड येतो. तो पाय उजवीकडे खाली उतरतो, म्हणजे देवनागरीच्या निबच्या कडेच्याच दिशेने जातो, तिथे रेघ बारीक पडायला हवी. इंग्रजीच्या धरण्यात ती कडेला आडवी जाते आणि पूर्ण जाडी उमटते. उभा काना आणि शिरोरेषा मात्र ४५ अंशात दोन्ही पद्धतींनी सारख्याच जाडीच्या येतात, म्हणून फसायला होतं, अर्धं अक्षर बरोबर दिसतं आणि चूक सापडत नाही.

जुने लोक बोरू, म्हणजे लेखणी, तिरका छाटायचे तो यासाठीच. इंग्रजी कॅलिग्राफीची निब सरळ कापलेली असते आणि आपण उजव्या हाताने धरली की दांडी उजव्या कोपराकडे झुकते, कड आपोआप इंग्रजीसारखी वर चढते. डावखुऱ्या माणसाची दांडी डाव्या कोपराकडे झुकते, त्यामुळे कड आपोआप देवनागरीसारखी होते. तुमच्या बहिणीला काही येत होतं असं नाही, तिचा हातच त्या कोनात बसतो.

फक्त एक विचारतो. त्या लिहिताना हात ओळीच्या खाली ठेवतात की वरून वळवून आणतात? वरून वळवून आणत असतील तर हे गणित लागू पडत नाही.

तिरकी रेघ

सर, हात जोडतो. दीड महिना मी रोज र ला शिव्या घालत होतो. ठ काढून बघितला, अगदी तुम्ही म्हणालात तसंच. बहीण हात ओळीच्या खालीच ठेवते. तिला वाचून दाखवलं तर ती आता घरभर सांगत फिरायलीय की शास्त्राप्रमाणे माझाच हात बरोबर.

अक्का, पेन पाण्यात ठेवलंय. पाणी गटारीसारखं काळं झालंय.

पण सर, मी उजवा माणूस, मी काय करू? तिरकी निब मागवू काय?

टाक-दौत

मागवू शकता, पण ती येईपर्यंत कागद फिरवा. कोपर अंगाला चिकटवा, पेनाची दांडी सरळ छातीकडे येऊ द्या, म्हणजे निबची कड आडवी होईल. मग कागदाचा उजवा वरचा कोपरा वर सरकवा, तीस ते चाळीस अंश. आता कागदाच्या हिशेबात कड उजवीकडे उतरती झाली. काना तुमच्या उजव्या कोपराकडे ओढला जाईल, पहिले दोन दिवस विचित्र वाटेल. मनगट वळवून कोन साधायला जाऊ नका, तसं एखादं अक्षर जमतं, पण सबंध ओळीत कोन टिकत नाही.

बोरू करून बघायचा असेल तर आइस्क्रीमची काडी घ्या. टोक एकदा एका बाजूला तिरकं छाटा, एकदा दुसऱ्या, पाण्यात कालवलेल्या रंगात बुडवून ठ काढा, ज्याने घड्याळ बरोबर लागेल तो आपला बोरू. दुकानात निब घेतानाही हीच परीक्षा. दुकानदार डावी-उजवी काय सांगतो त्याच्यावर जाऊ नका, त्या नावांचा गोंधळ आहे.

सरावाला अआइई नको. शाळेत ग म भ न का शिकवायचे, कारण त्यात काना आहे आणि वळणं सोपी आहेत. ते झालं की व ब क, मग र स ख, आणि ट ठ ढ द शेवटी. कित्ता समोर ठेवून गिरवा, पाठ करून नाही. शिरोरेषा शब्द पुरा झाल्यावर. माझे आजोबा मोडी लिहायचे, ते आधी पानभर रेघा मारून घ्यायचे आणि अक्षरं खाली लटकवत जायचे, पण ती मोडीची रीत. बाळबोध, म्हणजे नेहमीची देवनागरी, लिहिताना रेघ आधी मारलीत तर अक्षरांमधलं अंतर कोंबल्यासारखं येतं, असा माझा तरी अनुभव.

मलप्रभाकाठचा

एक बिनकामाचा प्रश्न, पत्त्यात बेळगाव लिहिणार की बेळगावी? 😄

तिरकी रेघ

मालक, २०१४ पासून कागदावर बेळगावी झालंय, आमच्या आजीच्या तोंडात अजून बेळगावच आहे. पिनकोड ५९०००१ बरोबर टाकला की पोस्टमन दोन्ही वाचतो. धागा त्या वाटेने नेऊ नका, लग्न तोंडावर आहे.

अनगोळची अक्का

नेऊच नका, मागच्या वेळी शंकरपाळ्यांचा धागा पण सीमाप्रश्नावर जाऊन थांबला होता.

बरं, पाकिटं कशी आहेत? चकचकीत असतील तर फाऊंटन पेनची शाई त्यावर बसत नाही, थेंब थेंब होऊन उभी राहते आणि अंगठा लागला की गेली. आणि उंचीचा हिशेब केलायस काय? १.९ ची निब, पाच पट म्हणजे साडेनऊ मिलिमीटर नुसतं अक्षर, वर वेलांटी मात्रा, खाली उकार, अशा तीन ओळी पाकिटावर मावणार कुठे? लामीची निब पुढे ओढून काढता येते आणि तिथे दुसरी बसवता येते, जॉयसाठी १.१ आणि १.५ पण मिळते. १.१ घे, साडेपाच मिलिमीटरला नाव-पत्ता नीट बसतो. १.९ ने फक्त श्री आणि आडनाव लिही, ते मोठं शोभतं.

तिरकी रेघ

पाकिटं मरून आहेत, चकचकीत, वर सोनेरी गणपती. आईने पसंत केलीत त्यामुळे बदलायचा प्रश्नच नाही. सोनेरी शाई भरली तर?

अनगोळची अक्का

बाबा रे, आत्ता एक पेन वाचवलंय. सोनेरी शाईत चमकीचे कण असतात, ते फीडमध्ये तळाला बसतात. गडद पाकिटावर लिहायचं तर टाक आणि पोस्टर कलर. पांढरा नाहीतर पिवळसर, पाणी घालून साईइतका पातळ कर, डिंकाचं पाणी दोन थेंब, आणि निबला बुडवायच्या ऐवजी ब्रशने रंग भर म्हणजे पहिलं अक्षर लठ्ठ येत नाही. चकचकीत कागद आधी सुक्या फडक्याने पूस, हाताचं तेल लागलेलं असतं त्यावर रंग सरकतो. हाताखाली कोरा कागद ठेव. आणि दहा पाकिटं जास्तीची मागून घे प्रिंटरकडून, खराब होणारच.

मलप्रभाकाठचा

आता कामाचं लिहितो. आमच्याकडे ताईच्या लग्नात शाईने नावं घातली आणि मग आईने ओल्या बोटाने हळदकुंकू लावलं. साध्या निळ्या शाईची नावं होती, पाणी लागेल तिथे पसरली. एका मामांचं आडनावच गेलं, ते अजून बोलून दाखवतात. आधी हळदकुंकू, वाळल्यावर नाव. नाहीतर कोपरे सोडून मधे लिहायचं.

कन्नडचं म्हणाल तर मी दोन्हीत लिहितो. कन्नडला आपल्यासारखी सलग शिरोरेषा नाही, बऱ्याच अक्षरांच्या डोक्यावर आपापला तलेकट्टू, म्हणजे छोटी खूण, असतो, आणि अंग सगळं गोल. नवीन माणसाचे ते गोल चपट्या निबने मधेच फाटतात. १६० पाकिटांच्या घाईत ४५ पाकिटांसाठी ते शिकू नका. गोल टोकाचं मार्कर घ्या, सारख्या जाडीत लिहा, फक्त अक्षरं मोकळी आणि तलेकट्टू एका उंचीला ठेवा, देखणं दिसतं. आणि लिहिलेलं एकदा बैलहोंगलच्या कुणाकडून तपासून घ्या, पाहुण्यांच्या नावात दीर्घ चुकला तर लग्नात ऐकून घ्यावं लागेल.

तिरकी रेघ

आठ दिवसांनी अपडेट देतो. पेन वाचलं. तीन रात्री धुतलं, आता साधी निळी भरलीय आणि सुरळीत चालतंय, ते सरावाला ठेवलंय. कागद फिरवून लिहायला लागलो, पहिल्या दिवशी मान दुखली, पण र चा पाय बारीक झाला! ठ चं घड्याळ अजून जरा मागे चालतंय, दीडच्या ऐवजी एकला बारीक येतं. बहुतेक कागद पुरेसा फिरवत नसेन, बरोबर ना सर?

पाकिटांसाठी टाक आणला, पोस्टर कलर कालवला. आणि झालं असं की मी एक पाकीट लिहून होईस्तोवर बहिणीची तीन झाली. तिचा कागद सरळ, हात सरळ, अक्षर छापल्यासारखं. शिरोरेषा तेवढी तिला जमत नाही, डावीकडून उजवीकडे टाक ढकलावा लागतो तर तो कागदात रुततो आणि रंग उडतो. मग आम्ही वाटणी केली, अक्षरं ती काढते आणि शिरोरेषा मी मारतो. काल ३८ झाली. आई येऊन बघून गेली, म्हणाली नवरीलाच कामाला लावलंस काय रे. आणि काकूने चहा आणला तो फक्त तिला.

कन्नडची ४५ मार्करने करायची ठरवलीत, होणाऱ्या भावजींना फोटो पाठवून तपासून घेणार आहे.

टाक-दौत

बरोबर, कागद अजून पंधरा अंश फिरवा. शिरोरेषेसाठी बहिणीला सांगा, पाकीट उलटं फिरवून, डोकं खाली करून रेघ मारायची, म्हणजे टाक ढकलायच्या ऐवजी ओढला जातो. पण मग तुम्हाला काम उरणार नाही, तेव्हा सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

तिरकी रेघ

नाही सांगत 😄