वसाहतवासी की वसाहतवादी?

प्रश्न : 'ब्रिटिश राजवटीला कंटाळून अमेरिकेतील वसाहतवाद्यांनी स्वातंत्र्य मागितले' असे वाक्य एका पुस्तकात वाचले. त्या तेरा वसाहतींमधील लोकांना 'वसाहतवादी' म्हणणे योग्य आहे का?

उत्तर : माझ्या मते नाही. वसाहतवादी म्हणजे दुसऱ्याचा प्रदेश आपल्या हुकमतीखाली ठेवू पाहणारा; या वादात ती भूमिका लंडनच्या सरकारची होती. वसाहतीत राहणारा तो वसाहतवासी. वरील वाक्यात फिर्यादी आणि आरोपी यांची अदलाबदल झाली आहे.

याहून मोठा घोटाळा 'कर' या शब्दाने होतो. 'करांच्या ओझ्यामुळे उठाव झाला' असे आपण सरसकट लिहितो. परंतु साम्राज्याच्या व्यापारावर नियंत्रण ठेवण्यासाठी बंदरात जकात घेण्याचा पार्लमेंटचा अधिकार वसाहतवासींनी दीर्घकाळ मान्य केला होता, मग प्रत्यक्षात ती कितीही चुकवली जात असो. सात वर्षांच्या युद्धाने कर्जबाजारी झालेल्या सरकारने १७६५ मध्ये मुद्रांक कायदा करून न्यायालयीन कागदपत्रे, वर्तमानपत्रे, इतकेच काय पण खेळायचे पत्तेसुद्धा कराच्या कक्षेत आणले, तेव्हा मात्र आपण निवडून दिलेल्या सभेखेरीज कोणीही आपल्यावर कर बसवू शकत नाही, हे इंग्लंडमधलेच जुने तत्त्व त्यांनी पुढे केले. पुढच्या वर्षी तो कायदा रद्द झाला. पण वसाहतींसाठी वाटेल तो कायदा करण्याचा आपला अधिकार पार्लमेंटने त्याच वेळी जाहीर करून ठेवला. १७६७ मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंड यांनी काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर आयात जकात लावली, कारण जकातीला विरोध होणार नाही असा त्यांचा होरा होता. त्यावर वसाहतींच्या बाजूने लिहिणारे वकील जॉन डिकिन्सन यांनी केलेला युक्तिवाद शब्दचर्चा करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे : व्यापाराला वळण लावण्यासाठी घेतात ती जकात, तिजोरी भरण्यासाठी घेतला तर तो करच, मग तो बंदरात का वसूल होईना. १७७३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा चहा उलट स्वस्त पडणार होता, तरीही बॉस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या. म्हणून 'करांचे ओझे' याऐवजी 'कर बसवण्याच्या हक्काचा वाद' असे लिहावे.

प्रतिप्रश्न : मग 'वसाहतवादी' हा शब्द त्यांना कधीच लागू पडत नाही का?

उत्तर : एका ठिकाणी पडतो. १७६३ च्या राजघोषणेने अ‍ॅपलाचियन पर्वतरांगेच्या पश्चिमेस वस्ती करण्यास मनाई केली, याचाही अनेक वसाहतवासींना राग होता. ती जमीन तेथील मूळ रहिवाशांची होती, आणि त्यांच्या बाजूने लिहिताना मी 'वसाहतवादी' हाच शब्द वापरीन.