मदत हवी आहे: जुना फिल्म कॅमेरा पेन्टॅक्स के१०००, पोळ्याआधी पहिला रोल टाकायचा आहे

नमस्कार मंडळी. आर्वीजवळ खेड्यात राहतो. पेन्टॅक्स के१००० आणि ५० मिमी एफ/२ लेन्स घेतली. डिजिटल वापरता येतो, फिल्म पहिल्यांदाच. उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई खालीच पडून आहे. मागच्या झाकणाच्या खाचेत काळा चिकटा. व्ह्यूफाइंडरमध्ये ठिपके दिसतात. कोडॅक गोल्ड २०० चा एकच रोल आहे, पोळ्याला गवळाऊ जातीचे पांढरे बैल टिपायचे आहेत. आधी काय तपासू?

जुनीकाच: ठिपके विसरा. ती फोकसिंग स्क्रीनवरची धूळ, फिल्मवर येत नाही. ब्लोअर मारा, पण आरशाला बोट लावू नका.

सुईसाठी तळाचं गोल झाकण नाण्याने फिरवा. आत एलआर४४ चा एकच सेल बसतो. एसआर४४ मिळाला तर तोच घ्या, त्याचा व्होल्टेज शेवटपर्यंत टिकून राहतो. पत्र्यावर हिरवट चढलं असेल तर कापसाला किंचित व्हिनेगर लावून पुसा. शटर पूर्ण यांत्रिक आहे, सेल फक्त मीटरला लागतो. मीटर बंद करायचं बटण नाही, म्हणून काम झालं की लेन्सला झाकण घालायचं.

चिकटा म्हणजे विरघळलेला फोम. तो गेला की झाकणातून उजेड शिरतो आणि फोटोवर लाल-केशरी पट्टे येतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथपिकने काढा, शटरच्या कापडी पडद्यावर थेंब पडू देऊ नका. खाचेत काळी लोकर दाबून बसवली तरी काम होतं, बिजागरीकडे मात्र काळ्या मखमलीची पट्टी लावा.

प्रश्नकर्ता: सेल टाकला, सुई हलते. पण ती खरं सांगते कशावरून? आणि फिल्म सरकवायचा लीव्हर अर्ध्यातच अडतो.

वऱ्हाडी_रीळ: भाऊ, शटर आधीच चढलेलं असेल. बटण दाबा, सुटते का पाहा. सुटत नसेल तर जोर लावू नका, दुरुस्तीवाल्याला दाखवा. याला शटरचं लॉकही नाही. पिशवीत बटण दबलं की एक फ्रेम गेली समजा.

रोल टाकायच्या आधी मागचं झाकण उघडून लेन्सचं छिद्र एफ/२ वर (सगळ्यात मोठं), शटर १/१००० सेकंदावर ठेवा, खिडकीकडे धरून मागून पाहत बटण दाबा. पूर्ण चौकट उजळली पाहिजे. एक बाजू काळी राहिली तर पडदा मागे पडतो आहे, तो वेग वापरू नका.

मीटर मोबाइलच्या लाइट मीटर ॲपशी ताडून पाहा, दोन्ही एकाच भिंतीवर. ठरावीक एका स्टॉपचा (म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरक येत असेल तर आयएसओ, म्हणजे फिल्मच्या वेगाचा आकडा, तेवढा बदलून ठेवा. शटरच्या चकतीची बाहेरची कडी उचलून फिरवली की आयएसओ बदलतो.

जुनीकाच: रोल सावलीत टाका. फिल्मचं टोक गुंडाळणाऱ्या रिळाच्या फटीत अडकवा, लीव्हर हळू ओढा, दोन्ही काठांची भोकं दातांत बसलेली दिसली की मगच झाकण लावा. रिवाइंडची (फिल्म परत गुंडाळायची) मूठ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून ढील काढा. पुढे लीव्हर ओढताना ती मूठ उलटी फिरली पाहिजे. फिरत नसेल तर फिल्म सरकत नाही, आकडा मात्र वाढत राहतो! नवख्यांचे कोरे रोल बहुतेक यातूनच निघतात.

आता बैल. हे मीटर सगळ्या चौकटीची सरासरी काढतं. पांढऱ्या बैलाने चौकट भरली की सुई कमी उजेड मागते आणि बैल राखाडी येतो. सुई मध्यावर आणून छिद्र एक स्टॉप उघडा. काळ्या म्हशीला उलट. आभाळ दाटलेलं असेल तर १/२५० ला एफ/५.६ पासून सुरुवात करा. शंका आली तर जास्त उजेड द्या, निगेटिव्ह ते सोसते.

प्रश्नकर्ता: पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गोठ्यात बैलांचे खांदे शेकतात, तेव्हा काय करू?

वऱ्हाडी_रीळ: २०० च्या फिल्मवर बल्बच्या उजेडात १/३० आणि एफ/२ लागेल, तेही बल्ब जवळ असला तर. खांबाला टेकून घ्या. रंग पिवळट येईल, येऊ द्या.

रोल संपला की तळाचं बटण दाबून मूठ फिरवा, हाताला एकदम हलकं लागेपर्यंत झाकण उघडू नका. फिल्मची डबी उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. आणि कॅमेरा पावसाळ्यात चामडी कव्हरात नको राजेहो, लेन्सला बुरशी तिथंच लागते.

प्रश्नकर्ता: लोकर बसवून पाहतो, मग रोल. आभारी आहे.