मदत हवी आहे: बेझ, पर्ट आणि केस, तीन ठिकाणी अडलंय

संख्याशास्त्र आणि व्यवस्थापन, दोन्ही पेपर एकाच आठवड्यात आहेत. सूत्रं पाठ आहेत, उत्तरं मात्र जुळत नाहीत.

१) यंत्र 'अ' ६०% माल काढतं, 'ब' ४०%. 'अ'चा २% माल सदोष, 'ब'चा ५%. उचललेला नग सदोष निघाला, तर तो 'ब'चा असण्याची संभाव्यता? माझं उत्तर ५/७, म्हणजे ०.७१४. पुस्तकात ०.६२५.

२) पर्ट (प्रकल्पाच्या वेळेचा अंदाज बांधायची पद्धत): क्रिटिकल पाथवर, म्हणजे प्रकल्पाचा कालावधी ठरवणाऱ्या सर्वांत लांब साखळीवर, तीन कामं. आशावादी, सर्वाधिक शक्य, निराशावादी दिवस: ४-७-१६, ३-६-९, ६-९-१८. प्रकल्प २७ दिवसांत संपण्याची संभाव्यता? माझं ०.७२५७, पुस्तकात ०.८४१३.

३) केस: पगार वाढवला, तक्रारी थांबल्या, पण कामात उत्साह नाही. कारण आणि उपाय लिहा. मास्लोच्या गरजांच्या पाचही पायऱ्या लिहिल्या, १० पैकी ४ गुण मिळाले.

प्रतिसाद १

पहिल्यात तुम्ही फक्त सदोष मालाचे दर घेतलेत, यंत्रांचा वाटा सुटला. दोन्ही यंत्रं सारखाच माल काढत असती तर ५/७ बरोबर होतं. आधी १००० नग धरा. 'अ'चे ६००, त्यांत १२ सदोष. 'ब'चे ४००, त्यांत २० सदोष. ३२ पैकी २०, म्हणजे ०.६२५. पेपरात बेझचं सूत्र (परिणाम दिसल्यावर कारणाची संभाव्यता काढणारं) लिहून त्यात किमती घालाच, पण ताळ्याला ही नगांची मांडणी समासात असू द्या.

प्रतिसाद २

पर्टमध्ये अपेक्षित वेळा (तिन्ही अंदाजांची भारित सरासरी) ८, ६, १० आणि बेरीज २४, इथवर तुमचं बरोबर असणार. ०.७२५७ हे झेड (मुदत सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर आहे तो आकडा) ०.६ चं मूल्य आहे, म्हणजे तुम्ही ३ ला ५ ने भागलंत. प्रमाण विचलनं (वेळ सरासरीपासून किती इकडेतिकडे होते त्याचं माप) २, १, २ सरळ मिळवलीत, तिथे चुकलं. बेरीज व्हेरियन्सची, म्हणजे विचलनांच्या वर्गांची करायची: ४ + १ + ४ = ९, मग वर्गमूळ ३. झेड = (२७ − २४) ÷ ३ = १.

कारण समजून घ्या, म्हणजे परत चुकणार नाही. कामांच्या वेळा एकमेकींवर अवलंबून नाहीत असं पर्ट धरतं. एक काम लांबलं तरी दुसरं लवकर आटोपू शकतं. विचलनं सरळ मिळवली की तिन्ही कामं दरवेळी एकदमच लांबतात किंवा एकदमच आटोपतात, असं धरल्यासारखं होतं.

झेडवरून संभाव्यता देणारा तक्ताही नीट बघा. काही तक्ते मध्यापासूनचं क्षेत्रफळ देतात. त्यात झेड १ समोर ०.३४१३ दिसतं, त्यात ०.५ मिळवायचे. २१ दिवस विचारले तर झेड −१, तेव्हा ०.५ मधून वजा करून ०.१५८७. मुदत २४ पेक्षा जास्त असेल तर उत्तर ०.५ पेक्षा मोठंच यायला हवं.

प्रतिसाद ३

तिसऱ्याबद्दल. 'तक्रारी थांबल्या, पण उत्साह नाही' हे वाक्य सरळ मानसशास्त्रज्ञ हर्झबर्गच्या प्रेरणेच्या सिद्धान्तातलं आहे. त्याच्या १९५९ च्या मांडणीत असमाधान जाणं म्हणजे समाधान येणं नव्हे. पगार हा हायजीन फॅक्टर, तो नाराजी घालवतो. उत्साह येतो तो जबाबदारी, कामाची दखल, प्रगतीची संधी यांतून. समस्या दोन ओळींत, सिद्धान्त चार ओळींत, बाकी सगळी जागा केसमधल्या माणसांसाठी: कोणाला कोणता निर्णय स्वतः घेऊ द्याल, कामाची दखल कोण आणि कधी घेईल. गुण तिथे आहेत.

प्रश्नकर्ता

तिन्ही कळलं, मनापासून आभार. सारख्याच लांबीचे दोन क्रिटिकल पाथ निघाले तर कोणता घ्यायचा?

प्रतिसाद २

ज्याचा व्हेरियन्स जास्त, तो. आणि पाथ ठरवताना अपेक्षित वेळाच वापरा, सर्वाधिक शक्य वेळा नकोत.