घोणस चावून वर्ष झालं, आईचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) अजून २.१. त्या विषामुळेच का?

ऊसवाला_वाळवा:
मंडळी, गेल्या वर्षी सोयाबीन काढताना आईला घोणस चावली, डाव्या घोट्याला. पाला वाटून पाजण्यात दोन तास गेले (चूक माझीच). तालुक्याला पोचेस्तोवर हिरड्यांतून रक्त. सापाची लस दिली, तरी लघवी बंद पडली. सहा वेळा डायलिसिस केल्यावर सुटली. नंतर एकदाच दाखवलं. मग हरभऱ्याची पेरणी, ऊस, राहूनच गेलं. आता संध्याकाळी पाय सुजतात, बीपी १६०/१००. शुगर नाही. गावातले म्हणतात विष कधीच उतरलं, हे वयामुळे. आई ५२ची आहे हो! गुडघ्यासाठी रोज दुकानातली दुखीची गोळी घेते, एवढंच.

लॅबवाला_तात्या:
ते 'एवढंच' नाही. ती गोळी किडनीला त्रास देते, आजच बंद करा.
मी डॉक्टर नाही, ग्रामीण रुग्णालयात लॅबमध्ये १८ वर्षं आहे. विष उतरलं हे खरं, पण मोडतोड मागे राहते. घोणशीचं विष रक्त गोठवणारी द्रव्यं संपवतं. म्हणून तर आम्ही कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतो; नळी कलती केल्यावर ओघळलं की लस सुरू. बाहेर रक्त थांबत नाही, आणि आत मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या. लस रक्तातलं मोकळं विष निकामी करते, मेलेला भाग परत उगवत नाही. लघवीतलं प्रोटीन आणि सोनोग्राफी करा, किडनीतज्ज्ञांना जुनं डिस्चार्ज कार्ड दाखवा. चावण्याआधीचा एखादा रिपोर्ट सापडला तर सोनं.

मिरगाचा_पाऊस:
आमच्याकडे पुनर्नव्याचा काढा देतात, सूज उतरते.

लॅबवाला_तात्या:
सूज उतरेलही भाऊ, क्रिएटिनिन आत चढतच राहील. काढे पिऊन आलेल्यांचं रक्त मीच काढतो.

नणंदबाई_बार्शी:
आमच्या भाऊजींना फुरसं चावलेलं, त्यांचंही असंच. बीपीची गोळी चुकवत नाहीत, मीठ कमी, दर तीन महिन्यांनी तपासणी. अजून शेतात जातात. डायलिसिस महात्मा फुले योजनेत बसतं, पण तिथवर जाऊच देऊ नका. आणि दादा, आईंना गमबूट घेऊन द्या.

ऊसवाला_वाळवा:
तात्या, २०२१चा रिपोर्ट सापडला, मोतीबिंदूच्या वेळचा. क्रिएटिनिन ०.८. गोळ्यांची पट्टी काढून घेतली, आई बोलत नाही माझ्याशी. सोमवारी मिरजेला नेतोय.