शब्दचर्चा : 'पाकद', 'तोलदोत' आणि गणना ग्रंथातली शिरगणती

प्रश्न

मराठी बायबलमधल्या चौथ्या पुस्तकाचं नाव 'गणना'. सुरुवातीलाच देव मोशेला सीनायच्या रानात इस्राएल लोकांची मोजदाद करायला सांगतो. वीस वर्षांचे आणि त्यावरचे, लढाईला जाण्याजोगे पुरुष भरतात ६,०३,५५०. पुढे २ शमुवेल २४ मध्ये दावीद राजा हेच करतो, तर मरी येऊन सत्तर हजार माणसं मरतात. हिब्रूत या दोन मोजण्यांना वेगवेगळे शब्द आहेत का? आणि इतक्या लांबलचक वंशावळ्या कशासाठी? १ इतिहासाचे पहिले नऊ अध्याय नुसती नावं आहेत. वाचताना पानं उलटली जातात, हे खोटं कशाला सांगू.

प्रतिसाद

शब्द वेगळे असते तर प्रश्न सुटलाच असता, पण तसं नाही. गणना १ मध्ये वारंवार येणारा धातू आहे 'पाकद'. दावीदाच्या गोष्टीत 'माना' (मोजणे) आहे आणि त्याच्या जोडीला हा 'पाकद'सुद्धा आहे. दावीदाचा सेनापती यवाब याला राजाचा हुकूम मिळतो तो याच क्रियापदात.

'पाकद' म्हणजे केवळ मोजणं नव्हे. उत्पत्ती २१:१ मध्ये देव सारेला 'पाकद' करतो आणि तिला म्हातारपणी मूल होतं. निर्गम २०:५ मध्ये तो बापाच्या अपराधाबद्दल मुलांना 'पाकद' करतो, म्हणजे शिक्षा करतो. मराठीत याला चपखल जोड आहे : 'समाचार घेणे'. आजाऱ्याचा समाचार घेतात, आणि उशिरा घरी आलेल्या पोराचाही घेतात. दोन्हीकडे कोणीतरी मोठं माणूस लक्ष घालतं. पुढे काय होणार हे त्याच्या मर्जीवर.

या धातूत हजेरीचाही अर्थ आहे. हजेरी आली की गैरहजेरी आलीच. १ शमुवेल २० मध्ये योनाथान दावीदाला म्हणतो, तुझी जागा रिकामी असेल, तुझी उणीव भासेल. तिथंही 'पाकद'च. गणना ३१:४९ मध्ये लढाईहून परतलेले सरदार सांगतात, आमच्यातला एकही माणूस 'पाकद' झालेला नाही, म्हणजे कमी झालेला नाही. आजच्या हिब्रूत सेनाधिकारी 'मेफाकेद', कचेरीतला कारकून 'पाकीद' आणि जनगणना 'मिफकाद'. सगळी एकाच धातूची भावंडं. मोजणारा तो ताबा असणारा, असा याचा मतलब. दावीदाच्या गोष्टीचा काटा मला इथं दिसतो. लोक कोणाच्या ताब्यातले, राजाच्या की देवाच्या? गणती करायला तो पाठवतो यवाबाला आणि सैन्याच्या सरदारांना. ते नऊ महिने वीस दिवस देश फिरतात. ही लष्करभरतीची यादी होती, त्यात कर बसवण्याची सोय किती होती कोण जाणे. यवाब मुरलेला सेनापती, तोसुद्धा राजाला विचारतो की महाराजांना हे हवंय कशाला.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला पुरवणी. गणना १:२ मध्ये 'मोजा' असं म्हणताना हिब्रूत शब्दशः आहे, 'मंडळीचं डोकं उचला'. आपली 'शिरगणती' याच्या अगदी जवळची. जुनी 'खानेसुमारी' मात्र घरं मोजते, डोकी नाही. 'डोकं उचलणे' या प्रयोगावर उत्पत्ती ४० मध्ये एक काळा विनोदही आहे. मिसरचा राजा फारो आपल्या वाढदिवसाला प्यालेबरदार आणि आचारी दोघांचंही 'डोकं उचलतो'. एकाला परत नोकरीवर घेतो, दुसऱ्याला टांगतो.

शिवाय निर्गम ३०:१२ पाहा. मोजदाद करताना प्रत्येकानं अर्धा शेकेल चांदी द्यायची, जिवाचं खंड (जिवाच्या सुटकेचं मोल) म्हणून, म्हणजे मरी येणार नाही. दावीदानं हे खंड घेतलं नाही म्हणून मरी आली, असा खुलासा परंपरेत आहे. पण शमुवेलाच्या मजकुरात अर्ध्या शेकेलाचा उल्लेखही नाही, तेव्हा तो खुलासा बाहेरून आणलेला आहे हे ध्यानात ठेवावं. डोकी मोजायची धास्ती मात्र टिकली. यहुदी प्रार्थनेला दहा पुरुष जमले का हे पाहायला पुष्कळ ठिकाणी 'एक, दोन' म्हणत नाहीत. स्तोत्र २८ मधली दहा शब्दांची ओळ म्हणतात, माणशी एक शब्द.

या चांदीचा जमाखर्च निर्गम ३८ मध्ये दिलाय. ६,०३,५५० माणसं, माणशी अर्धा शेकेल, म्हणजे ३,०१,७७५ शेकेल. एक किक्कार म्हणजे ३,००० शेकेल, तेव्हा १०० किक्कार आणि वर १,७७५ शेकेल. पै न पै जुळते. शंभर किक्कारांतून निवासमंडपासाठी, म्हणजे रानातल्या तंबूच्या देवस्थानासाठी, शंभर उथळ्या (खाली बसवायच्या बैठका) ओतल्या, एका उथळीला एक किक्कार. उरलेल्या १,७७५ शेकेलांतून खांबांच्या आकड्या केल्या. (आकड्यांच्या आकड्या! हा विनोद फक्त मराठीत होतो.)

शंका

सहा लाख लढवय्ये म्हणजे बायकामुलं धरून वीस लाखांच्या वर वस्ती. सीनायच्या वाळवंटात? 'एलेफ' या शब्दाचा अर्थ हजार नसून 'कूळ' किंवा 'तुकडी' असावा, असं कुठंतरी वाचलं होतं.

प्रतिसाद

हो, 'एलेफ'चा तोही अर्थ आहे. शास्ते ६:१५ मध्ये गिदोन म्हणतो, माझा 'एलेफ' मनश्शे वंशात सगळ्यांत दुबळा. तिथं हजार हा अर्थ बसत नाही. बायबलचे अभ्यासक जॉर्ज मेंडेनहॉल यांनी १९५८ मध्ये हा अर्थ गणनेतल्या याद्यांना लावला. शिमोन वंशाचे ५९,३०० म्हणजे ५९ तुकड्या, मिळून ३०० माणसं. बारा वंशांची बेरीज मग ५९८ तुकड्या आणि ५,५५० माणसं. आकडा एकदम माणसात येतो.

अडचण एवढीच की ग्रंथाची स्वतःची बेरीज तशी नाही. ५,५५० मधले पाच हजार तिथं ५९८ मध्ये मिळवून ६०३ केलेत, म्हणजे यादी जुळवणाऱ्यानं 'एलेफ' हजारच धरला. अर्ध्या शेकेलाचा हिशेबही हजार धरूनच जुळतो. मुळात तुकड्या असतीलही, पण हातात असलेला ग्रंथ हजारच म्हणतो. आकडा पटत नाही म्हणून शब्दाचा अर्थ बदलायचा हे मला रुचत नाही. आकडा पटत नाही असं सरळ म्हणावं.

प्रश्नकर्ती

आभार. वंशावळीचं राहिलं. १ इतिहास २:५१ मध्ये 'शल्मा हा बेथलेहेमाचा बाप' असं आहे. गावाला बाप?

प्रतिसाद

अगदी योग्य जागी बोट ठेवलंत. त्याच्या आदल्याच ओळीत शोबाल हा किर्याथ-यारीम गावाचा बाप आहे. उत्पत्ती १० मध्ये कनानाचा थोरला मुलगा सीदोन, आणि सीदोन हे तर समुद्रकाठचं शहर. 'बेन' म्हणजे मुलगा, वंशज, आणि एखाद्या गटातला माणूससुद्धा. 'बाप', 'मुलगा' या नात्यांत इथं गावांची आणि कुळांची मांडणी लिहिली आहे. कोण कोणाच्या छत्राखाली, कोण थोरल्या पातीचं, कोण मागून येऊन मिळालं.

मागून येऊन मिळालेल्याचं ठळक उदाहरण कालेब. गणना ३२:१२ त्याला कनिज्जी म्हणते, म्हणजे मूळ परका. गणना १३ मध्ये तो यहूदा वंशाचा प्रतिनिधी. १ इतिहास २ मध्ये तो यहूदाचा नातू हेस्रोन याचा मुलगा, म्हणजे थेट यहूदाच्या रक्ताचा. वंशावळ खोटी आहे असं मी म्हणणार नाही. कालेबाच्या लोकांचं यहूदात काय स्थान आहे ते ती सांगते, आणि तेवढं नेमकं सांगते.

आता मला सगळ्यांत आवडणारा पुरावा. गणना २६ मध्ये, मवाबाच्या मैदानातल्या दुसऱ्या मोजणीत, मनश्शेची कुळं आहेत : हेलेक, अस्रीएल, शखेम, शमीदा. आणि सलाफहाद, ज्याला मुलगे नव्हते, पाच मुली होत्या : महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. लागलीच पुढच्या अध्यायात या पाचजणी मोशेसमोर उभ्या राहतात. आमच्या बापाला मुलगा नाही म्हणून त्याचं नाव कुळातून का जावं, आम्हाला वतन द्या, म्हणतात. मोजणी जमीनवाटपासाठीच होती, नाव गाळलं की वाटा गेला. त्यांना वाटा मिळतो. १९१० मध्ये शोमरोनच्या (सामरिया, उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी) उत्खननात शाईनं लिहिलेली खापरं सापडली, इसवी सनापूर्वी आठव्या शतकातली, राजवाड्याकडे आलेल्या द्राक्षारसाच्या आणि तेलाच्या नोंदी. कुठून आलं ते लिहिलंय : शमीदाकडून, हेलेकाकडून, अस्रीएलकडून, शखेमाकडून, आणि होग्लाकडून, नोआकडून! वंशावळीतल्या मुली कारकुनाच्या खापरावर महाल-परगण्यासारख्या येतात. तिरसा तर त्याआधी याच राज्याच्या राजधानीचं शहर होतं. ती नावं आता कंटाळवाणी वाटणार नाहीत.

'तोलदोत' या शब्दाबद्दल थोडक्यात. धातू 'यालद', जन्म देणे. 'वंशावळ' बहुतेक ठिकाणी चालतं, पण उत्पत्ती २:४ मध्ये आकाश आणि पृथ्वी यांचे 'तोलदोत' आहेत, आणि ३७:२ मध्ये 'याकोबाचे तोलदोत' म्हणून जे सुरू होतं ते सतरा वर्षांच्या योसेफाच्या कथेनं. तिथं 'पुढं जे निपजलं ते' असा अर्थ घ्यावा.

प्रतिसाद

'याखस' हा शब्दही यात हवा. वंशनोंदीत नाव घालणे. तो इतिहास, एज्रा, नहेम्या या उत्तरकालीन पुस्तकांतच येतो, आणि त्याचं कारण उघड आहे. बाबेलातल्या बंदिवासातून परतलेल्यांना जमीन आणि याजकपद नोंद दाखवूनच मिळवायचं होतं. एज्रा २:६२ मध्ये तीन याजक घराण्यांना आपली नोंद सापडत नाही, म्हणून त्यांना याजकपदातून काढतात. त्यांतलं एक बर्जिल्लयाचं. त्यांच्या पूर्वजानं बायकोच्या माहेरचं नाव लावलं होतं!

हा विषय शिळा झालेला नाही. कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांच्या नावातला 'बेने' म्हणजे हाच 'मुलगे'. ते इस्राएलला गेल्यावर लग्नासाठी त्यांच्या पूर्वजांची तपासणी करण्याचा फतवा धर्मपीठानं काढला. मोठं आंदोलन झालं आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेनं ते सर्व बाबतींत यहुदीच आहेत असा ठराव केला.

प्रश्नकर्ती

आणि त्या तीन घराण्यांचं पुढं काय झालं?

प्रतिसाद

एकाचा माग लागतो. तिघांतलं दुसरं घराणं हक्कोसाचं. नहेम्या ३ मध्ये हक्कोसाच्या घराण्यातला, ऊरीयाचा मुलगा मरेमोथ यरुशलेमच्या कोटाचे दोन भाग दुरुस्त करतो. एज्रा ८:३३ मध्ये मंदिराचं सोनं-चांदी तोलून ज्याच्या हवाली केलं जातं तो ऊरीया याजकाचा मुलगा मरेमोथ. माणूस तोच असेल, आणि बहुतेक तोच असावा, तर हक्कोसाच्या लोकांना नोंद कुठंतरी सापडली म्हणायची. किंवा सापडल्याचं मान्य झालं.