ऑनलाइन खरेदीत जादा पैसे कुठे जातात? आपापला हिशेब लिहा

काट मारलेल्या किमतीवर भरवसा ठेवू नये, हे सगळे सांगतात. मग भरवसा कशावर ठेवायचा, ते नेमकं लिहा. आकडे हवेत, पायऱ्या हव्यात, आणि गफलत कुठे होते तेही.

*

आधी किमतीचा इतिहास. अ‍ॅमेझॉनवरच्या वस्तूंसाठी कीपा ही साइट आहे. वस्तूच्या पानाचा पत्ता तिथे चिकटवला की किमतीचा आलेख येतो. मुदत किमान सहा महिन्यांची निवडा, एका महिन्याच्या आलेखातून काहीच कळत नाही. सेलच्या दोन-तीन आठवडे आधी रेषा वर चढलेली आणि सेलच्या दिवशी जुन्याच जागी परतलेली दिसली, तर ती सूट नव्हे. युरोपीय संघात मे २०२२ पासून सूट जाहीर करताना आधीच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत सांगावी लागते. हीच कसोटी कुठेही लावता येते. नव्या आणि वापरलेल्या वस्तूंच्या रेषा वेगळ्या असतात, तेवढी गल्लत टाळा.

*

टक्केवारीत हमखास चूक होते. '२० टक्के सूट, वर आणखी १० टक्के' म्हणजे ३० नाही, २८. कारण दुसरी सूट उरलेल्या ८० वर बसते. '२० टक्के, कमाल १००' असं कूपन असेल तर त्याचा पुरता फायदा ५०० च्या खरेदीपर्यंतच. खरेदी २००० ची झाली की तीच सूट ५ टक्क्यांवर येते. कॅशबॅकचंही तसंच. १००० भरून १०० वॉलेटमध्ये आले, तर ते वापरल्यावर १००० मध्ये ११०० चा माल मिळतो, म्हणजे सूट साधारण ९ टक्के. मुदतीत वापरले नाहीत तर काहीच नाही.

*

वरच्यात बिनव्याजी हप्त्यांची भर घालतो. १००० चे १२ हप्ते, किंमत १२,०००. पण एकरकमी भरणाऱ्याला ५ टक्के सूट असेल तर वस्तूची खरी किंमत ११,४००. मधले ६०० हे व्याजच. दर महिन्याला मुद्दल फिटत जाते हे धरलं तर ते वर्षाला सुमारे ९.६ टक्के पडतं. प्रक्रिया शुल्क असेल तर आणखी जास्त. हप्ते निवडण्याआधी एकरकमीचा पर्याय दाबून अंतिम रक्कम बघा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा.

*

माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे एकक न पाहिल्याने जातात. मोठं पाकीट स्वस्तच पडेल असं नसतं; किंमत भागिले ग्रॅम किंवा मिलीलिटर करूनच ठरवा. धुण्याच्या पावडरीत वजनापेक्षा धुण्यांची संख्या मोजा, कारण दर धुण्याला लागणारी मात्रा वेगळी असते.

पॉवर बँकेवरचे १०,००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) हे आतल्या बॅटरीच्या ३.७ व्होल्टचे, म्हणजे ३७ वॉट-तास ऊर्जा. यूएसबीतून ५ व्होल्टने बाहेर पडताना कागदावरच ७,४०० उरतात, रूपांतरातल्या गळतीने आणखी घटतात. म्हणून किंमत वॉट-तासाने भागा आणि बारीक अक्षरातली 'रेटेड कपॅसिटी', म्हणजे प्रत्यक्ष बाहेर मिळणारी क्षमता, वाचा.

प्रिंटर घेताना यंत्राच्या किमतीआधी कार्ट्रिजची किंमत आणि त्यात निघणारी पानं बघा; भागाकार म्हणजे दर पानाचा खर्च. पानांचा आकडा बहुधा पानाचा ५ टक्केच भाग शाईने भरतो असं धरून दिलेला असतो. फोटो छापणाऱ्यांनी तो धरूच नये. सोबत येणारं कार्ट्रिज बरेचदा कमी पानांचं असतं, हेही हिशेबात घ्या.

*

सूट संपायला किती वेळ उरला हे दाखवणारं घड्याळ उलटं पळत असेल तर तेच पान ब्राउझरच्या खाजगी (इनकॉग्निटो) विंडोत उघडा. वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली तर घाई खोटी.

*

दुसऱ्या देशातल्या साइटवर पैसे भरताना 'तुमच्या चलनात भरा' असा पर्याय येतो. तिथला विनिमय दर तुमची बँक ठरवत नाही, आणि त्यात बहुतेक वेळा जादा टक्के मिसळलेले असतात. विक्रेत्याच्या चलनात भरा. त्याआधी कार्डाचं परकीय चलन शुल्क मात्र पाहून ठेवा.

*

मोफत घरपोचसाठी ८० ची नको असलेली वस्तू घालून ४० चं शुल्क वाचवू नका. ती यादीत ठेवा, पुढच्या खरेदीत जाईल.

*

दोन दुकानांत तुलना करायची तर मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. एका अक्षराच्या फरकात पडदा, मेमरी किंवा वॉरंटी बदललेली असू शकते. खोक्यावरचा १३ अंकी बारकोड क्रमांक पानावर दिला असेल तर तोच शोधा. 'पासून' लिहिलेली किंमत सर्वांत लहान प्रकाराची असते. हवा तो रंग-आकार निवडल्यावरचाच आकडा धरा. सगळ्यात शेवटी परतीच्या अटी: मुदत कधीपासून मोजतात, वाहतूक कोण भरतं, आणि पैसे खात्यात येतात की दुकानाच्याच वॉलेटमध्ये. जड वस्तूच्या परतीची वाहतूक आपल्या माथी असेल तर ती रक्कम किमतीत मिळवूनच तुलना करा.